मदत हवी आहे: डब्लिनची लेक परदेशी निघाली आहे. सिडनी, टोरोंटो, लंडन की दुबई?

लिफीकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही २००४ पासून डब्लिनमध्ये आहोत. लेक पुण्यात जन्मली, पण इथे आली तेव्हा तीन वर्षांची होती. शाळा, कॉलेज, कॅमोगीचा (मुलींचा काठी-चेंडूचा आयरिश खेळ) क्लब, मैत्रिणी, सगळं इथलंच. आम्ही आयरिश नागरिकत्व घेतलं तेव्हा तिचंही झालं. सिव्हिल इंजिनिअरिंग पूर्ण करून ती नोकरीला लागली आहे आणि आता तिला बाहेर जायचं आहे.

इथे हे नवीन नाही. तिच्या वर्गातली आणि क्लबातली कितीतरी पोरं गेली. एप्रिल २०२४ पर्यंतच्या वर्षात आयर्लंडमधून १०,६०० लोक ऑस्ट्रेलियाला गेल्याचं सरकारी आकडे सांगतात. आदल्या वर्षी ते ४,७०० होते. २०१३ नंतर इतके लोक तिकडे गेलेच नव्हते. तेव्हा, मंदीनंतर, इथे कामच नव्हतं म्हणून मुलं जात होती. आताची मुलं नोकरी सोडून जातात, कारण पगार असूनही घर मिळत नाही. २०२२ च्या जनगणनेत १८ वर्षांवरचे पाच लाखांहून जास्त लोक आई-वडिलांकडेच राहत होते. माझी लेक त्यातलीच. घरातल्या सगळ्यात छोट्या खोलीत, शाळेत असतानाच्याच पलंगावर झोपते आणि सकाळी साईटवर जाऊन मोठमोठी कामं बघते. तिने घरीच राहावं असं मला वाटतं, पण कायम त्या खोलीत राहावं असं मला मुळीच वाटत नाही.

तिच्या मैत्रिणी चार दिशांना आहेत आणि रोज एकमेकींशी तुलना चालते. सिडनीची म्हणते, काम संपलं की समुद्रात पोहते. टोरोंटोची म्हणते, दोन वर्षांचं परमिट हातात असलं की डोक्याला शांतता असते. लंडनची दर महिन्याला घरी येते. दुबईत शिक्षिका असलेली पैसे साठवते आहे. जी ती आपलंच शहर चांगलं म्हणते, आणि जी रडून परत आली ती गप्प आहे.

मला विचारायचं आहे ते असं. तिकडे राहणाऱ्यांनी कृपया खरं सांगा, इंजिनिअर मुलीला कुठे आपल्या शिक्षणाचं काम मिळतं? भाडं, डिपॉझिट यांची पद्धत कशी आहे? आणि चार-पाच वर्षांनी तिला परत यावंसं वाटलं तर कुठल्या शहरातून परतणं सोपं जाईल? शेवटचा प्रश्न माझ्यासाठी सगळ्यात मोठा आहे.

कूजीचा_वारा

ताई, मी सिडनीत बरीच वर्षं आहे, बांधकाम क्षेत्रातच. कूजी, बॉन्डाय, रँडविक या पट्ट्यात आयरिश मुलं इतकी की इथले लोक कूजीला 'काउंटी कूजी' म्हणतात, जणू आयर्लंडचाच एक जिल्हा. सुरुवातीला हे फार उपयोगी पडतं. गेलिक, म्हणजे पारंपरिक आयरिश, खेळांच्या क्लबात नाव घातलं की खोली, गादी, कामाचा फोन नंबर, सगळं आठवड्यात जमतं. तुमची लेक कॅमोगी खेळते म्हणजे तिची अर्धी अडचण सुटली.

व्हिसाचं नीट समजून घ्या. आयरिश मुलं बहुतेक ४१७ क्रमांकाच्या वर्किंग हॉलिडे व्हिसावर येतात, वयाची मर्यादा ३५. एक वर्ष मिळतं. एका मालकाकडे साधारण सहाच महिने काम करता येतं, काही अपवाद आहेत. इंजिनिअरसाठी हीच मोठी अडचण, कारण सहा महिन्यांत निघून जाणाऱ्याला चांगल्या प्रकल्पावर कोण घेईल? दुसरं वर्ष हवं तर ठरलेल्या प्रकारचं ८८ दिवस काम लागतं, तिसऱ्यासाठी सहा महिने. ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना ही अट जुलै २०२४ पासून नाही, आयरिश मुलांना आहे. सगळे याला शेतावरचं काम म्हणतात, पण मोठ्या शहरांबाहेरच्या भागातलं बांधकामही चालतं, आणि त्यात रस्ते, पूल अशी सिव्हिलची कामंही येतात. साऊथ ऑस्ट्रेलिया राज्य तर सगळंच त्यात धरलं जातं, म्हणजे ॲडलेडसुद्धा. तिला केळी तोडायला जायची गरज नाही. मात्र पगाराच्या पावत्या पहिल्या दिवसापासून जपून ठेवायला सांगा.

तिची पदवी मान्यताप्राप्त असेल तर तिचं मोल इथे आहे. एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्या मानण्याच्या १९८९ च्या वॉशिंग्टन कराराच्या मूळ सह्या करणाऱ्यांत आयर्लंड आणि ऑस्ट्रेलिया दोघेही आहेत, म्हणून पुढे कौशल्याच्या किंवा कंपनीच्या व्हिसासाठी पदवीची तपासणी सोपी जाते. टिकायचं असेल तर पहिल्या वर्षातच कंपनीकडून व्हिसा मिळतो का हे विचारायला लागायचं.

पैशाचं म्हणाल तर भाडं आठवड्याचं सांगतात, डब्लिनची मुलं महिन्याचं समजून आधी हरखतात. डिपॉझिट चार आठवड्यांचं. या व्हिसावर ४५,००० डॉलरपर्यंत पहिल्या डॉलरपासून १५ टक्के कर. मालक पगारावर १२ टक्के सुपर (निवृत्तीसाठीची बचत) भरतो, पण देश सोडताना ते काढलं तर ६५ टक्के कर कापतात. त्या रकमेवर परतीचे बेत आखू नयेत.

मेपलपान

काकू, मी आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये वाढलो, आई-बाबा साताऱ्याचे. तीन वर्षांपासून टोरोंटोत आहे, म्हणून तुमच्या लेकीच्या जागेवरून लिहितो.

कॅनडाच्या आयईसी योजनेत (परदेशी तरुणांना काही काळ काम करू देणारी) आयरिश मुलांना ३५ वर्षांपर्यंत अर्ज करता येतो, दोन वर्षांचं खुलं परमिट मिळतं आणि मालक बदलायचं बंधन नाही. पण आधी नाव एका यादीत जातं आणि त्यातून सोडत निघते. घाई करून नोकरी सोडू नका म्हणावं. एक गोष्ट फार मुलं चुकतात: आरोग्य विमा पूर्ण दोन वर्षांचा हवा. विमानतळावर सहा महिन्यांचा विमा दाखवलात तर परमिटही सहाच महिन्यांचं मिळू शकतं. शिवाय २,५०० डॉलर खात्यात असल्याचा पुरावा लागतो.

सिव्हिलमध्ये काम मिळतं, पण स्वतःच्या सहीने नकाशे मंजूर करायला प्रांताचा परवाना हवा, त्याला चार वर्षांचा अनुभव लागतो. ओंटारियोने 'कॅनडातलाच अनुभव हवा' ही अट २०२३ मध्ये काढली, त्यामुळे डब्लिनचा अनुभव वाया जात नाही. भाड्यात पहिला आणि शेवटचा महिना आधी द्यावा लागतो. त्याहून जास्त डिपॉझिट मागणं इथे कायद्याला धरून नाही, कुणी मागितलं तर पाठ फिरवावी.

आता जे कुणी फोटोत टाकत नाही ते. फेब्रुवारी. नोव्हेंबरात आलेला मुलगा बर्फाचं कौतुक करतो, फेब्रुवारीत तोच खोलीत बसून घरचे फोन टाळतो. मीही टाळले आहेत. आयर्लंडचा पाऊस वेगळा, तिथे माणूस भिजत का होईना बाहेर पडतो आणि कुणीतरी ओळखीचं भेटतं. इथे ओळखी मुद्दाम कराव्या लागतात. मला दोन ठिकाणांनी तारलं, हर्लिंगचा (कॅमोगीसारखाच, मुलांचा खेळ) सराव आणि मराठी मंडळाचा गणपती. दोन्हीकडे मी अर्धाच ओळखीचा होतो, पण दोन्हीकडे जेवलास का असं विचारणारं कुणीतरी होतं. डब्लिनची थेट विमानं आहेत, सात तासांचा प्रवास, हे मनाला फार मोठं वाटतं.

विलेस्डनकर

लंडनला तुमच्याकडची मुलं परदेश मानतच नाहीत, म्हणून ते यादीत शेवटी येतं. मला हे पटत नाही. ब्रेक्झिटनंतरही आयरिश नागरिकाला इथे व्हिसा लागत नाही, राहा, कमवा, शिका, संसदेच्या निवडणुकीत मतदानही करा. नोकरी गेली तर देश सोडावा लागत नाही. बाकीच्या तिन्ही शहरांत ही निश्चिंती पहिल्या दिवशी मिळत नाही. आईने या एका गोष्टीला किती गुण द्यायचे ते तिने ठरवावं, मी पुष्कळ देईन.

भाडं जबर आहे, लपवत नाही. डिपॉझिट साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. आताची आयरिश पोरं क्लॅपमकडे राहतात, जुनी पिढी किलबर्न आणि क्रिकलवूडला होती. त्याच भागाला लागून डॉलिस हिलला आपलं महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ सालचं. रस्ते आणि इमारती बांधायला आलेले आयरिश मजूर आणि आपली माणसं एकाच पट्ट्यात राहिली. तुमची लेक तिथे दोन्हीकडून घरची आहे.

वाळूतलं_घर

दुबईबद्दल थोडक्यात. पगारावर आयकर नाही हे खरं. पण राहण्याचा परवाना बहुधा नोकरीला बांधलेला, नोकरी सुटली की ठरावीक मुदतीत दुसरी शोधा किंवा निघा. भाडं पुढच्या तारखांच्या चेकने, कधी वर्षाचं एकदम. शिक्षिकांना शाळा घर देते म्हणून त्यांचं गणित जमतं. इंजिनिअरला घरभत्ता वेगळा ठरवून घ्यावा लागतो. सिव्हिलमध्ये इथे जगभरचे लोक आहेत, आयरिश पदवी म्हणून वेगळा भाव मिळेलच असं नाही. दोन-तीन वर्षं पैसे साठवायला ठीक. मुंबई तीन तासांवर आहे, आजी पुण्यात असेल तर हेही मोजा.

गॉलवेची_सई

लिफीकाठ, सगळ्यांनी छान लिहिलं आहे, पण तुमच्या शेवटच्या प्रश्नाचा एक भाग अजून कुणी सांगितला नाही आणि तिच्या आयरिश मैत्रिणी तो सांगूच शकणार नाहीत.

तिच्या मैत्रिणी जन्माने नागरिक आहेत. त्या वीस वर्षं सिडनीत राहिल्या तरी त्यांच्या नागरिकत्वाला धक्का लागत नाही. तुमची लेक अर्ज करून नागरिक झाली, तिच्या नावाचं प्रमाणपत्र तुमच्या कपाटात असेल. १९५६ च्या कायद्यानुसार असा नागरिक सलग सात वर्षं आयर्लंडबाहेर राहिला आणि नागरिकत्व ठेवण्याचा इरादा दर वर्षी नोंदवला नाही, तर ते प्रमाणपत्र रद्द करण्याचा अधिकार मंत्र्यांना आहे. आयरिश वंशाच्या लोकांना यातून सूट आहे, आपल्याला नाही. लहानपणी आई-वडिलांमागे नागरिक झालेल्यांनाही हे लागू आहे. त्यासाठी सीटीझेड २ नावाचा फॉर्म आहे, पूर्वी त्याला फॉर्म ५ म्हणत. पासपोर्टचं नूतनीकरण वेगळं, त्याने हे काम होत नाही.

घाबरू नका, पण गेल्यापासून दर वर्षी तो भरायचाच, कुठल्याही शहरात असो, लंडनमध्येसुद्धा. भरल्याची पोच तुमच्याकडेही ठेवा.

परतीचं बाकीचं सोपं आहे. कार विम्याचं नो-क्लेम पत्र (दावा केला नसल्याचं) इथून निघताना आणि तिथूनही घ्यायला सांगा. आल्यावर सरकारी भत्ता मागायची वेळ आली तर 'मी आता कायमची इथेच आहे' हे कागदांनी दाखवावं लागतं, तेव्हा तिकडचं खातं बंद केल्याची, भाडेकरार संपल्याची कागदपत्रं कामी येतात.

लिफीकाठ

सई, मनापासून आभार. प्रमाणपत्र काढून बघितलं, तुम्ही म्हणता तसंच आहे. आम्हा दोघांना हे माहीतच नव्हतं आणि ओळखीतल्या तीन मराठी घरांत विचारलं, त्यांनाही नाही. त्यांची मुलं आधीच मेलबर्न आणि व्हँकुव्हरला आहेत. आज रात्रीच सगळ्यांना कळवते आहे.

मेपलपान, तुझं फेब्रुवारीचं वाचून लेक बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, निदान हा खरं बोलला. आईला फोन टाळू नकोस रे बाळा.

ती आता सिडनीऐवजी ॲडलेडकडे बघते आहे. पुण्याशी वेळेचा फरक चार-पाच तासांचाच, म्हणजे आजीशी रोज बोलता येईल, हेही तिनेच काढलं. आमच्याशी मात्र उलटं, तिची रात्र तेव्हा आमची सकाळ. कूजीचा_वारा, एकच विचारते: ८८ दिवसांत ऑफिसात बसून केलेलं डिझाईनचं काम धरतात का, की साईटवरच हवं?

कूजीचा_वारा

ताई, साईटवरचंच घ्या. नगररचना, वास्तुरचना असली टेबलावरची कामं धरत नाहीत, डिझाईनचंही त्याच वाटेने जाण्याची भीती आहे. साईट इंजिनिअर म्हणून रस्त्याच्या किंवा पुलाच्या कामावर लागली तर वाद उरत नाही. करारात कामाच्या ठिकाणाचा पिनकोड लिहून घ्यायला सांगा, ऑफिस ॲडलेडला आणि काम भलतीकडे असं नको. ती येण्याआधी मला व्यक्तिगत निरोप करा, तिथल्या दोन कंत्राटदारांकडे माझे जुने सहकारी आहेत, त्यांच्याशी बोलून ठेवतो.