शब्दचर्चा : चाल उचलली, की चाल बसवली?

प्रश्न (मोर्शी तालुका)

आमच्या भजनी मंडळात या कार्तिकात एका शब्दावरून बरीच बोलाचाली झाली. काकड आरती आटोपल्यावर नव्या पोरांनी तुकडोजी महाराजांचं एक भजन खंजिरी बाजूला ठेवून, कीबोर्डवर, अगदी संथ म्हटलं आणि "हे आमचं कव्हर" असं सांगितलं. पेटीवर बसणारे काकाजी म्हणाले, "कव्हर वहीले असते, गादीले असते. गान्याले चाल असते."

मला ते पटलं, पण पुढे अडलो. मागच्या वर्षी याच पोरांनी सिनेमाच्या गाण्यावर अभंग म्हटला, तेव्हा काकाजींनीच "चाल उचलली" असं नाराजीने म्हटलं होतं. मग चाल लावणे, बांधणे, बसवणे, उचलणे यांत नेमका फरक काय? आणि दुसऱ्याचं गाणं आपल्या पद्धतीने पुन्हा म्हणण्याला आपल्या बोलीत शब्द आहे का?

उत्तर (अमरावती)

भाऊ, तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. जुन्या चालीवर नवे शब्द म्हणणं ही एक. तेच शब्द, तीच चाल, पण गळा दुसरा, ही दुसरी. कव्हर म्हणतात ते दुसरीला. पहिलीला आपल्याकडे "चालीवर म्हणणे" हा जुना आणि सन्मानाचा शब्द आहे. संगीत नाटकांची जुनी पुस्तकं काढून पाहा. १८८० साली 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आलं, त्या काळापासून पदाच्या डोक्यावर 'चाल' असं लिहून मूळ गाण्याची ओळ छापत. कुठून घेतलं ते उघड सांगितलेलं असे, त्यामुळे त्यात चोरी नव्हती. चौदा एप्रिलला गावोगाव होणारी भीमगीतं ऐका. कितीतरी सिनेमाच्या चालींवर आहेत आणि लोक ती डोळे पुसत ऐकतात.

क्रियापदांचं मला असं वाटतं. कवितेला पहिल्यांदा सूर मिळतो तेव्हा चाल 'लावतात' किंवा 'बांधतात'. ती गळ्यात, ठेक्यात, मंडळाच्या तोंडी रुळते तेव्हा चाल 'बसते'. 'उचलणे' मात्र दुधारी आहे. "पोरीनं दोनदा ऐकून चाल उचलली" ही शाबासकी. "त्यानं अमक्याची चाल उचलली" ही तक्रार. वाक्यात मूळ धन्याचं नाव आलं की शब्दाचा रंग बदलतो.

उत्तर (वर्धा)

एक शब्द राहिला, 'नक्कल'. हा अरबीतून आला आणि तिथे त्याचा अर्थ एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं असाही आहे. तलाठ्याकडे सातबाऱ्याची नक्कल मागायला जातो तेव्हा ती अक्षर न अक्षर जुळली पाहिजे, एक आकडा चुकला तर वावराचा वाद उभा राहतो. गाण्यात मात्र "नुसती नक्कल केली" म्हटलं की पोट्टा खाली मान घालतो. कागदाला जो गुण, तोच गाण्यात दोष.

कायद्यातलं कव्हर या नकलेच्या जवळ आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन ३१-सी हे कलम आलं. त्यात पहिलं ध्वनिमुद्रण झालं त्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षं थांबायचं, वर्षाला किमान पन्नास हजार प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरायची, वेष्टनावर हे कव्हर आहे असं छापायचं आणि रेकॉर्डिंगसाठी तांत्रिकदृष्ट्या गरजेचा नसेल असा बदल आधी संमती न घेता करायचा नाही. म्हणजे कायद्याला गाणं जसंच्या तसं हवं, आणि ऐकणाऱ्याला त्यात गाणाऱ्याचा जीव हवा. पूर्वी कॅसेटच्या काळात आम्ही याला 'वर्जन' म्हणायचो. रफीसाहेबांची, किशोरकुमारांची गाणी नव्या गळ्यात स्वस्तात मिळत. ती घरोघर वाजली, पण त्यातल्या बहुतेकांची मूळ गाणी पुन्हा मिळू लागली तशी ती कॅसेट खाली गेली. नकलेचं हेच होतं, अस्सल हातात आलं की तिचं काम संपतं.

उत्तर (वरूड)

मी गाणारी नाही. संत्र्याच्या कलमा बांधण्यात माझी बावीस वर्षं गेली, म्हणून त्याच भाषेत सांगते.

सिनेमाच्या चालीवरच्या भजनाला आमच्या घरी 'कलमी भजन' म्हणतात. आम्ही जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे फुटणारी कळी, बांधतो. जमिनीतून ओढून वर पाठवणं जंबेरीचं काम, फळाची गोडी डोळ्याची. भजनात चाल हा खुंट आणि शब्द हा डोळा. आता डोळा कधी धरतो? खुंटाची साल सुटत असेल तेव्हा. साल सुटत नसताना चाकू चालवला तर लाकूड चिरतं आणि डोळा वाळतो. चालीत शब्द असाच अलगद सरकला पाहिजे. 'माउली'चा 'मा' एका ठेक्यावर आणि 'उली' पुढच्या ठेक्यावर पडली की समजावं, साल सुटलेली नाही. जबरदस्तीनं कोंबलंय.

पण डोळा धरला म्हणून काम झालं नाही. जोडाच्या खालून जंबेरीची फूट येते. ती वेळेवर खुडली नाही तर झाड जंबेरीचं होतं, काटेरी, आणि फळ आंबट. परवा आमच्या गावात हेच झालं. बाई सुरेल गात होत्या, शब्दही चांगले होते, पण मुखडा आला आणि समोर बसलेल्या पोट्ट्यांनी सिनेमाचेच शब्द मोठ्यानं म्हटले. बाईंचा आवाज बुडाला. मला फार वाईट वाटलं, त्यांनी महिनाभर मेहनत घेतली होती. सासूबाई म्हणाल्या, "फूट खुडाची राहून गेली वं." त्याच चालीची लय जरा मोडून, मुखड्याची पहिली जागा बदलून घेतली असती तर ते शब्द पोरांच्या तोंडी आलेच नसते.

उत्तर (वडसा)

झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागतो, शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि मंडई (गावची जत्रा) असेल त्या गावात रात्रभर नाटक. इथल्या ऑर्गनवाल्यांच्या तोंडी मी शब्द ऐकला तो 'पट्टी', म्हणजे पेटीच्या ज्या सुरापासून गाणं धरायचं तो सूर. गाणं पडलं की ते पहिल्यांदा विचारतात, "पट्टी कोनाची होती?" रेकॉर्डमधल्या बाईंची पट्टी काळी चार (पेटीची चौथी काळी, उंच सूर) असेल आणि आपल्या नटाचा गळा काळी एकचा, तरी तो हट्टानं काळी चारलाच जातो, कारण ओळखीचं ते तसंच ऐकलेलं असतं. मग अंतऱ्यात आवाज फाटतो. इथले जाणते गळा पाहून पट्टी ठरवतात, मगच ठेका.

उत्तर (अमरावती, पुन्हा)

वरूडच्या ताईंचं पूर्ण पटलं. मात्र कलमेत फळ डोळ्याचंच राहतं, तेच शब्द नव्या गळ्यातून येतात तेव्हा फळसुद्धा बदलू शकतं. अमेरिकन गायक ओटिस रेडिंग यांनी 'रिस्पेक्ट' (म्हणजे मान) हे गाणं १९६५ साली स्वतः लिहून गायलं. त्यात घरी परतणारा नवरा मान मागतो. १९६७ साली गायिका अरेथा फ्रँकलिन यांनी तेच गाणं घेतलं, आता मागणारी बाई झाली, आणि त्यांनी त्या शब्दाची अक्षरं एकेक सुटी करून म्हणण्याची नवी जागा त्यात घातली. आज जग ते गाणं त्यांचं म्हणून ओळखतं. शब्द बरेचसे तेच, पण मागणारं माणूस बदललं म्हणून मागणं बदललं. याला 'उचललं' म्हणवत नाही, आणि 'नक्कल' तर नाहीच. जात्यावरच्या ओवीबद्दल माझी आजी म्हणायची, "ओवी तिचीच, पन गळा माया." मला यासाठी 'गळा देणे' हा शब्द सुचतो.

मोर्शी

सगळ्यांचे आभार. मी हे सगळं काकाजींना वाचून दाखवलं. ते पोरांना म्हणाले, "काऊन संथ केलं, ते सांगा." त्यातला एक जण म्हणाला की त्याच्या बाबांच्या आजारपणात तो हे भजन रात्री त्यांच्या उशाशी हळू म्हणायचा, तिथे खंजिरी वाजवता येत नव्हती.

काकाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पेटीचा भाता सोडून म्हणाले, "मंग तसं सांगा नं बावा. म्हना पुन्हा. या बारीनं कीबोर्ड नोको, मी नुसता सूर धरतो." पोरानं म्हटलं. दुसऱ्या कडव्याला काकाजींनी स्वतःच पट्टी अर्ध्या सुरानं उतरवली, त्याचा गळा भरून आला होता म्हणून.

आमच्या वहीत त्या भजनासमोर आता दोन नोंदी आहेत. 'चाल : महाराजांची, खंजिरीवर' आणि खाली 'गळा : संथ, उशाशी म्हणायचा'.