मदत हवी आहे: यूएमसी ८८८१ चिपसेटचा जुना ४८६ बोर्ड सी१ वर अडकतोय (सांगली)

हरभटरोडकर

नमस्कार मंडळी. अण्णांचा १९९६ सालचा ४८६ (पेंटियमच्या आधीच्या पिढीचा कॉम्प्युटर) परत चालू करायचा म्हणून तीन आठवडे रोज रात्री जेवण झालं की त्यावरच बसतोय, आता पुढं सरकेना म्हणून हा धागा काढतोय.

बोर्डावर बनवणाऱ्याचं नाव कुठंच नाही, मॅन्युअल तर नाहीच. चिपांवरची अक्षरं मात्र स्पष्ट आहेत, यूएमसीची यूएम ८८८१एफ आणि जोडीला यूएम ८८८६बीएफ. ही जोडी म्हणजेच चिपसेट, प्रोसेसरला बाकी भागांशी जोडणारी. पहिली प्रोसेसर, रॅम, कॅश आणि पीसीआय स्लॉट बघते, दुसरी तिथून पुढं आयएसए या जुन्या जातीच्या स्लॉटांना जोडते. प्रोसेसर एएमडीचा ५एक्स८६, १३३ मेगाहर्ट्झ. इंटेल किंवा व्हियाच्या चिपसेटचं काही शोधलं तर ढिगानं सापडतं, यूएमसी म्हटलं की दुकानदार तोंडाकडं बघतो. कंपनी काही ऐरीगैरी नाही हो, तैवानची, १९८० ची. त्यांनी स्वतःचा ४८६ जातीचा प्रोसेसरपण काढला होता, ग्रीन सीपीयू नावाचा, आणि इंटेलशी कोर्टात भांडण असल्यामुळं त्यावर 'अमेरिकेत विकायला नाही' अशा अर्थाचं छापलेलं असायचं. पुढं त्यांनी स्वतःच्या चिपा सोडून दुसऱ्यांच्या चिपा बनवून द्यायचा धंदा धरला. आणि ज्या मीडियाटेकच्या चिपवर आपल्याकडचे कितीतरी मोबाईल चालतात ती १९९७ मध्ये यूएमसीतूनच वेगळी निघालेली. हे कळलं तेव्हा मी बोर्ड हातात घेऊन परत एकदा नीट बघितला.

आता हाच बोर्ड का पाहिजे ते सांगतो. अण्णांची मार्केट यार्डात हळदीची अडत होती आणि सगळा हिशोब डॉसवर मराठीत होता, त्यासाठी पुण्याच्या सीडॅकचं, पडद्यावर मराठी अक्षरं दाखवणारं जिस्ट कार्ड आयएसए स्लॉटात बसवलेलं. डिस्कची कॉपी मी आधीच काढून ठेवलीय, डीबीएफ फायली लिब्रेऑफिसमध्ये उघडतातही, पोती, भाव, तारखा सगळं बरोबर दिसतं पण शेतकऱ्यांच्या नावाच्या जागी नुसता कचरा, कारण नावं इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या कोडमध्ये साठवलेली आहेत. आणि तो प्रोग्रॅम कार्ड सापडलं नाही की लगेच बाहेर पडतो. अण्णा आता ७८ वर्षांचे आहेत, त्यांना तो पडदा जसा होता तसा एकदा दाखवायचाय.

झालंय काय की २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आम्ही मशीन माळ्यावर टाकलं. पुरातनं वाचलं पण तिथंच पडून राहिलं आणि बोर्डावरची हिरवी निकेल कॅडमियमची बॅटरी गळाली. बॅटरी काढून टाकली, व्हिनेगरनं पुसलं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुतलं, दोन दिवस वाळवलं. रॅमची पट्टी खोडरबरनं घासली. पॉवर सप्लायचे दोन कनेक्टर काळ्या तारा मध्ये शेजारी शेजारी येतील असेच लावलेत. पंखा फिरतो, पोस्ट कार्डवर (चालू होताना बोर्ड कुठल्या पायरीवर आहे ते कोडनं दाखवणारं कार्ड) सी१ येतं आणि तिथंच थांबतं, मॉनिटर काळा. बायॉस (बोर्ड चालू करणारा त्यातलाच प्रोग्रॅम) अवॉर्ड कंपनीचं आहे.

जंपरना (व्होल्टेज वगैरे ठरवणाऱ्या बोर्डावरच्या छोट्या टोप्या) अजून हात लावलेला नाही कारण ५एक्स८६ ला ३.४५ व्होल्ट लागतात आणि चुकून ५ व्होल्ट गेले तर प्रोसेसर कायमचा जाईल. ते लावलेत तसेच ठेवू का? आणि सी१ म्हणजे रॅमच ना, की चिपसेटच गेला?

मिरजेचा सोल्डरवाला

दादा, जंपर अजिबात हलवू नका. मशीन याच प्रोसेसरवर वर्षानुवर्षं चालत होतं म्हंजे जुळणी बरोबरच आहे. आधी त्यांचे फोटो काढून ठेवा.

अवॉर्डमध्ये सी१ म्हंजे रॅम ओळखायची पायरी. चिपसेट गेला असं लगेच धरू नका, यूएमसीची ही जोडी सहसा दगा देत नाही, माझ्याकडं तिचे दोन बोर्ड आहेत. तुम्ही पट्टी घासली पण सॉकेटचं काय? सहा वर्षं माळ्यावरची धूळ तिथं बसलेली असणार. जुना टूथब्रश आयसोप्रोपिलमध्ये बुडवून आतल्या पिना एकेक घासा आणि ७२ पिनची एकच पट्टी पहिल्या सॉकेटात बसवा, ४८६ ला एक पट्टी पुरते, पेंटियमसारखी जोडी लागत नाही. अजून एक, पट्टी मूळचीच आहे का दुसरीकडची? बऱ्याच ४८६ बोर्डांना ईडीओ जातीची रॅम चालत नाही, त्याआधीची एफपीएम जातीची लागते.

कोरेगावकरीण

बोर्ड चालू झाला नाही तरी नावं जाणार नाहीत, काळजी करू नका. इस्कीत खालचे १२८ कोड साधे इंग्रजीचे आणि वरच्यात आपली अक्षरं असतात, म्हणून तर तुमचे आकडे नीट दिसले. आयसीयू नावाच्या लायब्ररीत इस्कीतनं युनिकोडमध्ये बदलायची सोय आहे, चार ओळींच्या पायथॉनमध्ये होईल. पण अण्णांना पडदा दाखवायचाय हे समजलं, मी असते तर मीपण बोर्डाच्याच मागं लागले असते.

हरभटरोडकर

सोल्डरवाले, तुमचं म्हणणं खरं निघालं!! पट्टी मूळचीच होती, सॉकेट घासल्यावर काळं पाणी निघालं आणि तिसऱ्यांदा चालू केल्यावर मॉनिटरवर मेमरी मोजायला लागली, १६३८४ पर्यंत गेली, मी रात्री साडेअकराला बायकोला उठवलं. आता कीबोर्ड एरर येते. दोन कीबोर्ड लावून बघितले. बॅटरी होती ती जागा कीबोर्डच्या गोल सॉकेटला लागूनच आहे, तिथल्या दोन बारीक रेघा हिरव्या पडल्यात.

मिरजेचा सोल्डरवाला

मग तीच रेघ तुटली असणार. मल्टिमीटर बीपवर ठेवा, रेघ अखंड असली की वाजतं. गोल सॉकेटची १ नंबरची पिन क्लॉक, २ नंबरची डेटा, ४ ग्राउंड, ५ ला पाच व्होल्ट. कीबोर्ड कंट्रोलर म्हंजे ती ४० पायांची लांब चिप, तिच्या १ नंबरच्या पायाला क्लॉक जातो आणि ३९ ला डेटा. मध्ये एखादा फेराइट मणी असेल तर त्याच्या दोन्ही बाजू तपासा. जिथं बीप नाही तिथं तार टाका, पंख्याच्या वाइंडिंगची बारीक तार मस्त चालते, टोकाचा लाखेचा थर खरवडून घ्या.

आणि नवीन बॅटरी म्हणून नाण्याची लिथियम सेल थेट जोडू नका, ती जागा चार्ज करणारी आहे, लिथियम सेल चार्ज झाली तर फुटते. बाहेरच्या बॅटरीची चार पिनांची पट्टी असेल तर तिथं लावा, नाहीतर डायोड टाका.

हरभटरोडकर

क्लॉक वाजला, डेटा नाही. खणभागातल्या वाइंडिंगवाल्या काकांनी वीतभर तार अशीच दिली, पैसे घेतले नाहीत. काल रात्री टाकली आणि कीबोर्ड चालू!

आज सकाळी जिस्ट कार्ड लावून प्रोग्रॅम उघडला. अण्णांना खुर्ची दिली. पहिल्याच पानावर हरिपूरच्या पेवातल्या (जमिनीतल्या साठवणीच्या खड्ड्यातल्या) हळदीची नोंद निघाली, ६२ पोती, शेतकऱ्याचं नाव पूर्ण मराठीत. अण्णांनी ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, याचं पेव २००५ च्या पुरात गेलं. मग स्वतःच बाणाची बटणं दाबत पुढं पुढं गेले, दीड तास उठले नाहीत.

चार पिनांची पट्टी सापडलीय पण प्लस कुठल्या टोकाला ते छापलेलं नाही. मल्टिमीटरनं कसं ओळखायचं ते सांगता का? कोरेगावच्या ताई, पायथॉनचं तेवढं टाका, नावं उतरवून ठेवायची आहेत.