पद्मिनी घाटात बंद पडते, गार झाली की चालू. करंट की पेट्रोल?

कृष्णाकाठ
आमची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे. बाबांनी घेतलेली, आता मी चालवते आणि जमेल तेवढं काम पार्किंगमध्येच उरकते. ऑइल, प्लग, पॉइंटचा गॅप एवढं येतं. ब्रेक आणि किंगपिनला हात लावत नाही.

पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकीचा चढ अर्धा झाला की गाडी आचके द्यायला लागते. ॲक्सिलरेटर दाबून काही उपयोग नाही, शेवटी बंदच पडते. सेल्फ जोरात फिरतो. बॉनेट उघडून थोडा वेळ थांबलं की जसं काही झालंच नाही अशी सुरू! काटा लालपर्यंत जात नाही, पाणी उकळत नाही. सकाळी लवकर निघालं तर गुपचूप घाट चढते, नखरे फक्त दुपारी.

मेकॅनिकने कार्बोरेटर धुतला, कॉइल नवीन टाकली. आता म्हणतो, एसी पंप (टाकीतून पेट्रोल ओढून कार्बोरेटरला देणारा, इंजिनवर चालणारा) काढून इलेक्ट्रिक टाकू, त्याच्याकडे एका इंजेक्शनवाल्या गाडीचा पडलेला आहे. बाबांचं म्हणणं, पंपावर ओलं फडकं टाक, मुंबईचे टॅक्सीवाले तेच करायचे. कुणाचं ऐकू?

रविवारचा_फिटर
बाबांचं ऐका, फुकटचं आहे. 😀 पंपात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडतोय, दुसरं काही नाही. फडकं टाकून चालू झाली तर झालंच निदान.

मिरजेचे_काका
ताई, आधी एक. इंजेक्शनच्या गाडीचा पंप कुणालाही लावू देऊ नका. तो तीन बारच्या आसपास दाब देतो, म्हणजे चाळीसच्या वर पीएसआय. आपल्या कार्बोरेटरला दोन-तीन पीएसआय पुरे. एवढ्या दाबाला पेट्रोल अडवणारी नीडल टिकणार नाही, फ्लोट चेंबर भरून पेट्रोल बाहेर येईल आणि खाली तापलेलं लोखंड आहे. कार्बोरेटरसाठीचा कमी दाबाचा पंप मिळतो, तो टाकीजवळ लावला तर चांगला चालतो, पण इंजिन बंद झालं की पंपही बंद होईल असं वायरिंग पाहिजे. हे सगळं नंतर. आधी रोग कळू दे.

आणि फिटरसाहेब, फडक्याने निदान होत नाही हो. फडकं ओलं करून टाकेपर्यंत दहा मिनिटं जातात, तेवढ्यात कंडेन्सरही (करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पॉइंटला जोडलेली छोटी डबी) गार होतो. गाडी सुरू झाली की श्रेय फडक्याला.

तापल्यावर बंद आणि गार झाल्यावर चालू, हे पेट्रोलनेही होतं आणि करंटनेही. फरक कळतो तो गाडी बंद पडलेली असतानाच. गॅरेजपर्यंत नेली की सगळं ठणठणीत, मग मेकॅनिक अंदाजाने एकेक वस्तू बदलत बसतो. तुमची कॉइल तशीच गेली.

तर पुढच्या वेळी रस्त्याच्या कडेला घ्या, चाकामागे दगड लावा आणि आधी करंट बघा. पेट्रोलची लाइन उघडायच्या आधी, हे महत्त्वाचं. डेल्कोच्या (प्रत्येक प्लगला करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर) टोपणातली मधली जाड वायर काढा, रबरी मुठीच्या पकडीत धरून तिचं टोक इंजिनच्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळी, कडकड वाजणारी ठिणगी आली तर करंट ठीक. पिवळट, बारीक, मधूनच येणारी असेल तर कंडेन्सरवर संशय घ्या. त्याच्या आतलं इन्सुलेशन तापल्यावर दगा देतं, मग पॉइंट उघडताना त्यांच्यातच ठिणगी पडते आणि कॉइलमध्ये जोर राहत नाही. पॉइंट निळेकाळे पडलेले दिसले की समजायचं. कंडेन्सर स्वस्त असतो, डिकीत एक जास्तीचा ठेवाच. पॉइंटचा गॅप ०.४५ मिमी.

करंट चांगला निघाला तर वायर परत बसवा, सेल्फ बंद, आणि एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या तोंडात बघा. हाताने ॲक्सिलरेटरची दांडी झटक्यात ओढली की आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडते. उडाली तर चेंबरमध्ये पेट्रोल आहे. कोरडं असेल तर पेट्रोल पुढे येतच नाही. तसं असेल तर टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत ओढली गेली तर झाकणाचं भोक बुजलंय, टाकीत व्हॅक्यूम होतोय.

ठाणे_पूर्व
काकांच्या यादीत रबरी होज घाला. टाकी मागे आणि एसी पंप पुढे इंजिनवर, म्हणजे सगळ्या लाइनमधून पेट्रोल ओढलं जातं. ओढीच्या बाजूला दाब कमी, म्हणून तिथे ते लवकर उकळतं. त्यात आता पेट्रोल भरायच्या पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, पण पेट्रोलमध्ये मिसळलं की त्यातल्या काही घटकांबरोबर त्याहून कमी तापमानालाच वाफ धरतं. जुनं रबर त्याने फुगतं किंवा तडकतं, एसी पंपाच्या डायफ्रॅमचंही तेच. आणि ओढीच्या बाजूचा होज तडकला की पेट्रोल गळत नाही, हवा आत जाते. खाली थेंब नाही, वास नाही, त्यामुळे कुणाचं लक्षच जात नाही.

कृष्णाकाठ
काका, मुद्दाम भर दुपारी निघाले आणि घाटात पडली बंद! ट्रकवाल्या दादांनी सेल्फ मारला, मी वायर धरली. ठिणगी निळी, कडक. दांडी ओढली तर आत ठणठणाट, पिचकारी नाही. झाकण उघडलं तर आवाजही नाही.

घरी आल्यावर टाकीजवळचा होज काढला. वरून काळाभोर, चांगला दिसत होता. क्लिप सैल केली तर तिच्याखाली गोल चीर, वाकवला की तोंड उघडायचं. पंपाजवळचा तुकडा दगडासारखा कडक झालेला. दोन्ही बदलले. पंप आणि ब्लॉक यांच्यामधली जाड फायबरची पट्टीही कुणीतरी काढून नुसतं कागदी गास्केट लावलेलं निघालं, ती परत बसवली. त्यानंतर दुपारचा घाट न थांबता चढते.

एक उरलंय. ढाब्यावर चहाला थांबून परत निघताना सुरू व्हायला फार त्रास देते. पेट्रोलचा वास येतो. परत तेच दुखणं का?

मिरजेचे_काका
शाब्बास. ती पट्टी उष्णता अडवते, ती काढल्यावर पंप तापणारच. शिवाय तिच्या जाडीवर पंपाच्या दांडीचा स्ट्रोक ठरतो, म्हणून मिळेल ती पट्टी घालू नका, मूळ जाडीचीच पाहिजे. होज कोणता घेतलात? इंजेक्शनचा पेट्रोल होज घ्या, त्यावर ‘एसएई जे३० आर९’ छापलेलं असतं. साधा पाण्याचा पाइप कापून देणारे दुकानदार आहेत.

ढाब्याचं दुखणं उलटं आहे. घाटात पेट्रोल कमी पडत होतं, इथे जास्त होतंय. गाडी थांबली की पंखा थांबतो, इंजिनची सगळी धग वर येते, चेंबरमधलं पेट्रोल उकळून इंजिनात सांडतं. चोक अजिबात ओढू नका. ॲक्सिलरेटर एकदाच तळापर्यंत दाबून धरा, वरखाली करू नका, आणि सेल्फ मारा. थोडं खोकेल, मग पकडेल. पकडलं की पाय सोडा.

थांबल्यावर बॉनेट थोडं उघडं ठेवलंत तर हेही वाचेल. लोकांना वाटेल गाडी बिघडली, वाटू दे.

रविवारचा_फिटर
मान्य काका. पण फडकं डिकीत राहू दे.