गोल्डन इमेज बदलली, तरी पूलमधले काही डेस्कटॉप जुनेच; नुडी-शिवाजी फाँटही दिसेनात

निपाणी_सिस्टीम
नमस्कार मंडळी. होरायझन ८ (सर्व्हरवरून व्हर्च्युअल डेस्कटॉप पुरवणारं सॉफ्टवेअर), इन्स्टंट क्लोन (एका मूळ मशीनच्या झटपट बनणाऱ्या प्रती), फ्लोटिंग पूल (कुणालाही कुठलाही मोकळा डेस्कटॉप मिळतो), ६० डेस्कटॉप, विंडोज ११. ऑफिसात कन्नड आणि मराठी दोन्ही टायपिंग चालतं. म्हणून गोल्डन इमेजमध्ये, म्हणजे ज्याच्या प्रती बनतात त्या मूळ मशीनमध्ये, कन्नडसाठी नुडी आणि जुन्या मराठी पत्रांसाठी शिवाजी फाँट टाकले, अपडेट मारले, मशीन बंद करून स्नॅपशॉट (त्या क्षणाची नोंदवलेली स्थिती) घेतला आणि पूलला लावला. काही डेस्कटॉप अजून जुन्याच इमेजवर आहेत. जे नवे झाले त्यांच्यावर युजरला फाँट दिसत नाहीत, पण इमेजवर ॲडमिनने लॉगिन केलं की दिसतात. मंगल फाँट ऑप्शनल फीचरमधून घ्यायला गेलं तर शेवटी ०९५४ असलेली एरर येते. कुठं चुकतंय?

खानापूर_व्हीडीआय
फाँटवर डबल क्लिक करून नुसतं ‘इन्स्टॉल’ दाबलं की विंडोज तो त्याच युजरच्या ॲपडेटामध्ये ठेवतं. क्लोनवर येणाऱ्या माणसाला ॲडमिनची प्रोफाइल मिळत नाही, म्हणून फाँटही मिळत नाही. फाँट निवडा, राइट क्लिक करा, ‘इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स’ घ्या. तो विंडोजच्या फाँट्स फोल्डरमध्ये गेलाय का हे साध्या युजरने लॉगिन करून बघा, ॲडमिनने बघून कळत नाही.

कीबोर्डचंही तसंच आहे. कन्नड आणि मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोडल्यावर रीजन → ॲडमिनिस्ट्रेटिव्ह → कॉपी सेटिंग्ज इथं जाऊन वेलकम स्क्रीन आणि नवे युजर या दोन्ही खुणा करा. हे फक्त नव्या प्रोफाइलला लागतं. प्रोफाइल एफएसलॉजिक्समध्ये (युजरची प्रोफाइल सर्व्हरवर वेगळी जपणारं सॉफ्टवेअर) आधीच असेल तर ग्रुप पॉलिसीनेच (सगळ्या मशीनना एकदम सेटिंग देणारी विंडोजची सोय) द्यावं लागेल.

०९५४ येते कारण मशीन डब्ल्यूएसयूएस सर्व्हरकडे (ऑफिसातला विंडोज अपडेट वाटणारा सर्व्हर) बघतंय आणि तिथून त्याला फीचर मिळत नाही. ग्रुप पॉलिसीत सिस्टीमखाली ऑप्शनल कंपोनंट इन्स्टॉलेशनचं सेटिंग आहे. त्यात फीचर थेट विंडोज अपडेटवरून उतरवायची खूण करा, मग देवनागरी आणि कन्नड सप्लिमेंटल फाँट दोन्ही घ्या. मंगल पहिल्यात आहे, कन्नडचा तुंगा फाँट दुसऱ्यात.

चिक्कोडी_सर्व्हर
जुने राहिलेले डेस्कटॉप बहुतेक डिस्कनेक्ट सेशनचे असतील, बघा. मेंटेनन्स (नवी इमेज पूलला लावायचं काम) लावताना ‘युजर लॉगऑफ होईपर्यंत थांबा’ निवडलं, आणि पूलमध्ये डिस्कनेक्टनंतर लॉगऑफ ‘नेव्हर’ असेल (डिफॉल्ट तेच आहे), तर लोक नुसती खिडकी बंद करून घरी जातात आणि सेशन तसंच जिवंत राहतं. तो क्लोन कधीच बदलणार नाही. तिथं १२० मिनिटं टाका. सक्तीचा लॉगऑफ पर्याय आहे, पण सेव्ह न केलेलं काम जातं. अगदी गरज असेल तरच, आणि आधी सूचना देऊन.

दुसरं, पूलच्या प्रोव्हिजनिंगमध्ये मेंटेनन्सच्या वेळी किमान किती मशीन तयार ठेवायची हा आकडा डिफॉल्टला ० असतो. ६० च्या पूलला १० तरी ठेवा, नाहीतर काउंटर उघडायच्या वेळी ‘डेस्कटॉप उपलब्ध नाही’ येईल. इमेज पब्लिश होत असताना (नव्या क्लोनची तयारी चालू असताना) जुने डेस्कटॉप चालूच राहतात, त्यामुळे पब्लिश दिवसा चालतं. क्लोन बदलणं मात्र संध्याकाळनंतर.

आणि थेट ६० ला लावू नका की हो! २-३ मशीनचा वेगळा टेस्ट पूल करा, त्याला तोच स्नॅपशॉट द्या, दोन्ही भाषांत टाइप करून प्रिंट काढून बघा, मगच मुख्य पूल.

निपाणी_सिस्टीम
पटलं. लॉगऑफ खरंच ‘नेव्हर’ होतं. स्टोरेज भरत आलंय, जुने स्नॅपशॉट आणि व्हीसेंटरमधल्या (सगळी व्हर्च्युअल मशीन सांभाळणारं सॉफ्टवेअर) सीपी-रेप्लिका, म्हणजे क्लोन ज्यावरून बनतात त्या इमेजच्या प्रती, काढून टाकू का?

चिक्कोडी_सर्व्हर
रेप्लिकाला हाताने हात लावू नका. होरायझन त्या स्वतः बनवतं आणि वापर संपला की स्वतःच काढतं. कुठल्याच पूलशी न जोडलेल्या, अनाथ राहिल्या असतील तर होरायझनच्या कनेक्शन सर्व्हरवरच्या आयसीक्लीनअप टूलने काढा. अपडेट चालू असताना जुनी-नवी दोन्ही रेप्लिका एकाच वेळी असतात, तेवढी जागा प्रत्येक डेटास्टोअरवर (व्हर्च्युअल मशीन ठेवायची स्टोरेज जागा) मोकळी हवी.

स्नॅपशॉटमधला सध्या चालू असलेला आणि त्याच्या आधीचा ठेवा. इमेज बिघडली तर तोच जुना पुन्हा शेड्यूल केला की मागे येता येतं, त्यासाठी वेगळं बटण नाही. नावात तारीख आणि काय बदललं ते लिहा, उदा. ‘नुडी-फाँट-अपडेट’. बाकीचे काढले तर चालतात, फक्त कुठला पूल त्यावर नाही ना, टेस्ट पूल धरून, हे आधी तपासा.