घुबडं आणि शिकारी पक्षी : एका दिवसात फोटो कसे जमवावेत?

हललेला_फोकस :
येत्या रविवारी दिवसभर मोकळा आहे. घुबडं आणि शिकारी पक्षी, बाकी काही नको. क्रॉप सेन्सरचा कॅमेरा, १००-४०० लेन्स, मोनोपॉड (एकपायी स्टँड). उडणारी घार काळीठिक्कर येते. पिंगळा दिसतो, पण जवळ जावं तर भुर्रकन उडतो. दिवस कसा आखू? फ्लॅश घेऊ का?

माळावरचा_म्हातारा :
फ्लॅश घरी ठेवा. अंधारात शिकार करणाऱ्याच्या डोळ्यांवर लखलखाट मारून काय मिळवायचंय?

आता घार. कॅमेऱ्याला उजळ आकाश दिसतं, म्हणून तो सगळंच चित्र गडद करतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय, अधिक १ करा, पांढऱ्या ढगांसमोर अधिक २ सुद्धा चालतं. पण घार खाली झाडांसमोर आली की तेच सेटिंग तिला पार पांढरी करून टाकेल. म्हणून मी मॅन्युअलच वापरतो, उजेडाचं सगळं सेटिंग स्वतः करतो. ऊन स्थिर असलं की एकदा ठरवायचं, मग पाठीमागे आकाश असो की झाडी. शटर १/२००० सेकंद, जमलं तर १/३२००. बसलेल्या घुबडाला मोनोपॉडवर १/२०० सुद्धा पुरतं.

पहाट आणि संध्याकाळ घुबडांची. गरुड, घारी यांच्यासाठी उन्हं चढू द्या. जमीन तापून हवा वर चढायला लागली की त्या हवेवर पंख न हलवता गोल गोल वर जातात. भर दुपारी मात्र लांबचे फोटो काढूच नका. तापलेली हवा थरथरते, तिथे लाखमोलाची लेन्सही हात टेकते. सावलीत बसा, डबा खा.

वाऱ्याचं कुणी सांगत नाही. कापशी आणि खरुची हे छोटे शिकारी पक्षी वाऱ्याकडे तोंड करून हवेत एका जागी फडफडत राहतात. वारा तुमच्या पाठीवर असेल तर पक्ष्याचं तोंड तुमच्याकडे. सूर्यही पाठीशी असला तर उत्तम; दोन्ही जमत नसेल तर मी वारा धरतो. लोक उन्हाचं बघून उभे राहतात आणि दिवसभर शेपट्यांचे फोटो काढतात.

सावलीतली_ताई :
काकांनी घुबड शोधायचं कसं ते सांगितलं नाही. झाडाखाली पांढरे ओघळ आणि केस-हाडांचे राखाडी गोळे पडलेत का बघा. न पचलेलं ते तोंडावाटे टाकतात. बुलबुल, कोतवाल एकाच फांदीकडे तोंड करून कालवा करत असतील तर तिथे हमखास कुणीतरी बसलेलं असतं.

पिंगळ्याकडे सरळ चालत जाऊ नका. तिरकं जा, थांबा, दुसरीकडे बघा. अर्धमिटले डोळे एकदम वटारले, डोकं वर-खाली व्हायला लागलं, की तिथेच थांबायचं किंवा दोन पावलं मागे यायचं. शक्य असेल तर गाडीतूनच काढा. इंजिन बंद, खिडकीवर बीनबॅग. गाडीला ते फारसं घाबरत नाहीत, दार उघडून उतरलेल्या माणसाला घाबरतात. घरट्याजवळ अजिबात नको, आणि फोटो टाकताना ठिकाण काढून टाका.

दूरदृष्टी :
मोबाइलवर आवाज वाजवला की घुबड लगेच समोर येतं. एवढी यातायात कशाला?

माळावरचा_म्हातारा :
येतं, कारण त्याला वाटतं हद्दीत दुसरं घुबड घुसलंय. शिकार सोडून, पिल्लं असतील तर पिल्लं सोडून भांडायला येतं. जिवंत उंदीर सोडणारेही हेच म्हणतात. असे फोटो ओळखू येतात हो.

हललेला_फोकस :
काका, ताई, आभार. फांद्यांच्या जाळीत फोकस पुढच्या काडीवर जातो, त्याचं काय?

सावलीतली_ताई :
एकच, सगळ्यात छोटा फोकस पॉइंट निवडा आणि डोळ्यावर ठेवा. उडणाऱ्यासाठी पुन्हा झोन (अनेक पॉइंटांचा गट) आणि कंटिन्युअस फोकस, म्हणजे पक्ष्यामागे सतत जुळत राहणारा. काडी थेट डोळ्यावर येत असेल तर अर्धं पाऊल बाजूला सरका. काडी मोडायला जाऊ नका.