अटॅकच्या दिवशीची साखर

हार्ट अटॅक आला त्या दिवशी शुगर २२० निघाली, पण आधी कधीच डायबेटिस नव्हता, मग ती टेन्शनमुळेच वाढली असणार, असं एकाने म्हटलंय. अर्धं बरोबर आहे. अटॅकच्या ताणात शरीर अ‍ॅड्रेनलिन, कॉर्टिसॉल सोडतं, यकृत साखर बाहेर टाकतं आणि इन्सुलिनचं काही चालत नाही.

पण 'नव्हता' की 'कधी तपासलाच नव्हता'? २००२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वीडनमधला एक अभ्यास आला होता. डायबेटिस माहीत नसलेल्या १८१ अटॅकच्या रुग्णांना घरी सोडताना ग्लुकोज पाजून तपासलं, तर साधारण एक तृतीयांश लोकांना डायबेटिस निघाला आणि आणखी तेवढेच उंबरठ्यावर होते. तीन महिन्यांनीही चित्र जवळपास तेच.

म्हणून एचबीए१सी ही रक्ताची तपासणी विचारा. ती साखरेची मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, एका रात्रीच्या ताणाने हलत नाही. ६.५ टक्के किंवा जास्त म्हणजे दुखणं जुनंच (अ‍ॅनिमिया असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर मात्र हा आकडा फसवतो).

आमच्या काकांचं हेच झालं. फाइलमध्ये एचबीए१सी ७.८ लिहिलेलं होतं, पण सगळ्यांचं लक्ष स्टेंटकडे. घरी आल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं आणि चिकू घेऊन! दीड महिन्याने फॅमिली डॉक्टरांनी फाइल उलटली तेव्हा कळलं.

आणि हो, डायबेटिसवाल्यांना छातीत दुखेलच असं नाही. नुसता दम, घाम, मळमळ असली तरी ईसीजी काढा; अ‍ॅसिडिटी म्हणून इनो पिऊन झोपू नका.