हडस्पेथ यांच्या कामात गणित कुठून आलं?

कानसेन: जिम हडस्पेथ यांचं कानावरचं काम वाचायला घेतलंय, हेअर सेलपर्यंत (आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या पेशी) कळलं पण पुढे 'हॉफ बायफर्केशन' आलं की सगळं डोक्यावरून जातंय. जीवशास्त्रातला माणूस गणितात कसा शिरला? कुणी सोप्या भाषेत सांगेल का प्लीज

मीरा_के: शिरावंच लागलं त्यांना. सुरुवात बेडकाच्या आतल्या कानापासून, १९७० च्या दशकात, त्यांचा विद्यार्थी डेव्हिड कोरी सोबत. हेअर सेलच्या टोकावर बारीक केसांचा झुपका असतो, तो काचेच्या सुईने एका बाजूला ढकलला की आयन चॅनल (विद्युतभारित कणांना आत सोडणारी पेशीची दारं) उघडतात, उलट ढकलला की बंद. आणि हे मायक्रोसेकंदांत होतं, म्हणजे मधे रासायनिक साखळीला वेळच नाही, चॅनल थेट ताणानेच उघडत असणार! हा तर्क मला अजूनही जबरदस्त वाटतो.

जुना_श्रोता: गणिताचं मी सांगतो. माइक स्पीकरजवळ नेला की शिट्टी सुरू होते ना, ती सुरू व्हायच्या अगदी काठावर सिस्टिम धरून ठेवायची, हॉफ बायफर्केशन म्हणजे तोच काठ, आणि हेअर सेल अशाच काठावर काम करतात असं हडस्पेथ यांचं म्हणणं. तिथे हळू आवाज खूप वाढतो, मोठा फारसा नाही, आणि ठरावीक फ्रिक्वेन्सीच उचलली जाते. थॉमस गोल्ड या शास्त्रज्ञाने १९४८ लाच कानात असा फीडबॅक असणार म्हटलेलं, पण तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही, मग १९७८ मध्ये डेव्हिड केम्प या शास्त्रज्ञाने कानातून बाहेर येणारा आवाजच रेकॉर्ड केला.

कानसेन: माइकवरून लगेच कळलं, मनापासून आभार दोघांचे 🙏

मीरा_के: हडस्पेथ यांचं झेब्राफिशवरचं कामही बघ, त्या माशात हेअर सेल परत उगवतात, आपल्यात नाही.